मोठ्या आकड्याच्या पोटातला छोटा आकडा

दहा लाख युरो नफा झाला तर कर किती भरायचा? २०१४ साली आयर्लंडमध्ये ॲपलच्या उपकंपनीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर होतं ५० युरो. टक्केवारीत ०.००५. हा हिशेब युरोपीय आयोगाने मांडला आणि ३० ऑगस्ट २०१६ रोजी आयर्लंडला बजावलं, की बुडालेला १,३०० कोटी युरोंचा कर या कंपनीकडून वसूल करा.

आयर्लंडने काय केलं? आम्हाला हे पैसे नकोत, असं म्हणत ते सरकार कोर्टात गेलं. आठ वर्षं खटला चालला. १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाचा अखेरचा निकाल आला आणि नको नको म्हणणाऱ्या देशाच्या तिजोरीत व्याजासकट १,४०० कोटी युरोंहून अधिक रक्कम जमा करण्याची वेळ आली. रुपयांत हे झाले सुमारे १.३ लाख कोटी. आयर्लंडची लोकसंख्या ५३-५४ लाख, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही कमी. माणशी वाटली असती तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला अडीच लाख रुपयांच्या आसपास आले असते.

नकार वेडेपणाचा वाटतो, पण त्यामागे पक्कं गणित होतं. कमी कर हाच त्या देशाचा धंदा होता. बड्या कंपन्यांना तिथे खेचून आणणारा १२.५ टक्क्यांचा दर, कर अधिकाऱ्यांनी आगाऊ दिलेली लेखी हमी आणि ‘इथे नियम बदलत नाहीत’ ही ख्याती. ॲपलला अशा दोन हमीपत्रांचा आधार होता, एक १९९१ चं, दुसरं २००७ चं. त्यांच्या जोरावर नफ्याचा मोठा भाग एका मुख्य कार्यालयाच्या नावावर जात होता. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्या कार्यालयाला ना जागा होती, ना कर्मचारी. असं कार्यालय कुठल्याच देशात नव्हतं, त्यामुळे त्या नफ्यावर कुठेच कर बसत नव्हता.

करसवलतीच्या बाबतीत पहिली अडचण हीच, की ती दिसत नाही. सरकारने १०० कोटींचा पूल बांधला तर निविदा निघते, फलक लागतो, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. तेच १०० कोटी एखाद्या कंपनीकडून घ्यायचे सोडून दिले तर यातलं काहीच घडत नाही, कारण पैसे तिजोरीतून बाहेर गेलेलेच नसतात. अमेरिकेच्या अर्थखात्यातले स्टॅन्ली सरे यांनी १९६७ साली सांगितलं, की सोडून दिलेला कर हाही खर्चच आहे आणि तो खर्चाच्याच वहीत लिहिला पाहिजे. पुढच्याच वर्षी तिथल्या अर्थखात्याने अशा सवलतींची पहिली यादी छापली. भारतात ती यायला २००६-०७ चा अर्थसंकल्प उजाडला. तेव्हापासून दर वर्षी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत असं एक विवरण असतं आणि कोणत्या सवलतीपायी किती महसूल गेला ते त्यात लिहिलेलं असतं. अर्थसंकल्पाच्या रात्री वाहिन्यांवर त्याची चर्चा होताना सहसा दिसत नाही.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा आकडा. २० सप्टेंबर २०१९, शुक्रवार, पणजी. वस्तू आणि सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन गोव्यात होत्या. बैठक सुरू होण्याआधीच त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की कंपन्यांवरचा प्राप्तिकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर येणार, अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. १ ऑक्टोबर २०१९ पासून पुढे स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना दर फक्त १५ टक्के. सरकारनेच सांगितलेली किंमत वर्षाला १.४५ लाख कोटी रुपये.

एवढी रक्कम डोळ्यांसमोर उभी राहत नाही, म्हणून तिचे तुकडे करू. दिवसाला सुमारे ३९७ कोटी. मिनिटाला साडेसत्तावीस लाख. सेकंदाला ४६ हजार. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात देशभरच्या रोजगार हमीसाठी ६० हजार कोटी ठेवले होते आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ६५ हजार कोटींच्या आत. दोन्ही एकत्र केले तरी या सवलतीच्या रकमेला २० हजार कोटी कमी पडतात.

मुंबईच्या शेअर बाजाराने हे गणित काही तासांत केलं. सेन्सेक्स त्या दिवशी १,९२१ अंकांनी चढला. बाजारातल्या सगळ्या कंपन्यांचं एकत्रित मूल्य दिवसभरात सुमारे ६.८ लाख कोटींनी वाढलं, म्हणजे जवळपास पावणेपाच वर्षांच्या सवलतीएवढं. नवा कारखाना उभा राहिलेला नव्हता, कुणाला नोकरी मिळालेली नव्हती. तरी पुढच्या कित्येक वर्षांचा फायदा त्याच दुपारी भागधारकांच्या खात्यावर चढला होता.

मग ही सवलत वाईट होती का? इतकं सरळ उत्तर नाही. २२ टक्क्यांचा दर हवा असेल तर कंपनीला बाकीच्या बहुतेक सवलतींवर पाणी सोडावं लागतं आणि एकदा निवडलेला मार्ग बदलता येत नाही. वर्षानुवर्षं साचलेलं वजावटींचं जंगल त्यामुळे कमी होतं आणि सल्लागारांची फौज बाळगणाऱ्या बड्या कंपनीला मिळणारा वाढीव फायदाही घटतो. पण कायद्याची भाषा बारकाईने वाचली तर एकाच अध्यादेशात दोन वेगळ्या घडणीच्या सवलती सापडतात. १५ टक्क्यांच्या दराला अट होती. कंपनी नवी हवी, उत्पादन करणारी हवी, आणि ३१ मार्च २०२३ च्या आत, पुढे मुदत वाढवून ३१ मार्च २०२४ च्या आत, उत्पादन सुरू झालेलं हवं. २२ टक्क्यांच्या दराला गुंतवणुकीची किंवा रोजगाराची कसलीच अट नव्हती. उरलेला पैसा कारखान्यात घाला, कर्ज फेडा, लाभांश वाटा, ज्याची त्याची मर्जी. संसदेच्या अंदाज समितीसमोर आलेल्या माहितीप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत या कपातीमुळे सुमारे १.८४ लाख कोटींचा महसूल गेला. कंपन्यांकडून आलेला कर २०१८-१९ मध्ये सुमारे ६.६ लाख कोटी होता, तो दोन वर्षांनी सुमारे ४.६ लाख कोटींवर आला. त्यात कोविडचा वाटा मोठा होता. पुढे तो वाढून २०२३-२४ मध्ये ९ लाख कोटींपलीकडे गेला. मात्र त्याच काळात व्यक्तींनी भरलेला प्राप्तिकर सुमारे ४.७ लाख कोटींवरून १० लाख कोटींपलीकडे पोहोचला. ज्या व्यक्तींचा कर कंपन्यांच्या करापेक्षा कमी असायचा, त्यांनी कंपन्यांना मागे टाकलं.

आता नोकऱ्यांची किंमत पाहू, कारण प्रत्येक सवलत रोजगाराच्या नावाने दिली जाते. २०१७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने फॉक्सकॉन या तैवानच्या कंपनीशी करार केला. कंपनी १,००० कोटी डॉलर गुंतवणार, टीव्हीच्या पडद्यांचा अवाढव्य कारखाना बांधणार आणि १३ हजार नोकऱ्या देणार. बदल्यात राज्याकडून २८५ कोटी डॉलरचे कर-परतावे. २०१८ च्या जूनमध्ये माउंट प्लेझंट गावी भूमिपूजनाला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः आले आणि या प्रकल्पाला जगातलं आठवं आश्चर्य म्हणाले.

आश्चर्य खरं तर परताव्यात होतं. विस्कॉन्सिनमध्ये कारखानदारांवरचा राज्याचा कर आधीच जवळजवळ शून्यावर आलेला होता. म्हणजे माफ करायला करच उरला नव्हता. सवलतीचा बहुतेक भाग रोख धनादेशाने द्यावा लागणार होता, आणि तो इतर करदात्यांच्या खिशातून. एका नोकरीमागे २ लाख १९ हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने १ कोटी ४० लाख रुपयांच्या वर. राज्याच्याच विधिमंडळाच्या वित्त विभागाने हिशेब केला, की सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं तरी राज्याचे पैसे वसूल व्हायला २०४२-४३ साल उजाडेल.

महाराष्ट्रातल्या पगारदाराला नोकरीमागची ही रक्कम त्याच्या पगारपत्रकावरून मोजता येते. दर महिन्याला तिथे व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. राज्यघटनेने घातलेली मर्यादाही तेवढीच आहे. १९७५ साली हा कर आणला गेला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. कराचा पैसा हमीच्या निधीत जाणार आणि तेवढीच भर राज्य शासन घालणार, अशी योजना. विस्कॉन्सिनमधल्या एका नोकरीला जेवढा पैसा देऊ केला होता, तेवढा व्यवसाय करातून जमवायचा तर साडेपाच हजारांहून अधिक पगारदारांचा वर्षभराचा कर लागेल. आणि पणजीत जाहीर झालेले १.४५ लाख कोटी जमवायला ५८ कोटी पगारदार लागतील. एवढे पगारदार या देशातच नाहीत.

वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यात एक छोटासा आकडा आहे. १५. मजुराने काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. कायद्याचं सगळं बळ या आकड्यात आहे. योजनेवर किती कोटी खर्च होणार, हे दर वर्षी बदलत राहिलं. पण सरकारने शब्द पाळला की नाही, हे कोणत्याही तालुक्यातल्या मजुराला बोटं मोजून सांगता येतं ते या १५ मुळे.

विस्कॉन्सिनलाही असाच एक छोटा आकडा कामाला आला. २६०. २०१८ अखेर कंपनीत निदान इतके पूर्णवेळ कर्मचारी नसतील तर त्या वर्षीचा परतावा नाही, असं करारात होतं. राज्याच्या तपासणीत निकषात बसणारे ११३ निघाले. परतावा शून्य. पुढच्या वर्षीची किमान अट ५२० ची होती. कंपनीने ती पूर्ण केल्याचा दावा केला, राज्याने मोजले तर २८१. पुन्हा शून्य. ठरलेला कारखाना बांधलाच गेला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नवा करार झाला. त्यात १३ हजार नोकऱ्यांच्या जागी १,४५४ आल्या, १,००० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीच्या जागी ६७ कोटी २० लाख आले आणि २८५ कोटींच्या परताव्याचे उरले ८ कोटी. स्थानिक गावाने आणि परगण्याने मात्र जमिनी घेणं, रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्या यांवर कोट्यवधी डॉलर आधीच घातले होते. लोकांची घरं गेली होती. त्यांचा थोडा बचाव झाला तोही करारातल्या एका आकड्यानेच. प्रत्यक्ष बांधकाम कितीही होवो, मालमत्तेचं मूल्य निदान १४० कोटी डॉलर धरून कंपनीने कर भरायचा, असं कलम तिथे होतं.

याच्या उलट गोष्ट वॉशिंग्टन राज्याची. बोइंग आपल्या नव्या ७७७एक्स विमानाची जुळणी दुसरीकडे नेण्याची भाषा करू लागली, तेव्हा २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून अवघ्या तीन दिवसांत २०४० पर्यंतच्या सवलती मंजूर करण्यात आल्या. किंमत ८७० कोटी डॉलर. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने एका उद्योगासाठी तोवर दिलेली ही सगळ्यात मोठी सवलत होती. अट एकच, की विमानाचे पंख आणि अखेरची जुळणी राज्यात व्हावी. माणसं किती ठेवायची, हे कुठेही लिहिलं नव्हतं. पुढच्या तीनेक वर्षांत बोइंगने त्या राज्यातल्या १२ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी केल्या, आणि तरीही सवलतीची एकही अट मोडली नाही. ८७० कोटींच्या कायद्यात पाच अंकी एक संख्या लिहायची राहून गेली होती.

एकाच कंपनीने एकाच दिवशी केलेले दोन सौदे शेजारी ठेवले तर घडणीतला फरक आणखी उघडा पडतो. २०१७ साली ॲमेझॉनने आपल्या दुसऱ्या मुख्यालयाचा जवळजवळ लिलावच पुकारला. २३८ शहरांनी आणि प्रदेशांनी बोली लावली. न्यू जर्सी राज्य ७०० कोटी डॉलरपर्यंत गेलं. १३ नोव्हेंबर २०१८ रोजी निकाल लागला. मुख्यालय दोन ठिकाणी विभागून, प्रत्येकी २५ हजार नोकऱ्या. न्यूयॉर्कने देऊ केले होते सुमारे ३०० कोटी डॉलर, नोकरीमागे १ लाख २० हजार. व्हर्जिनिया राज्याने पहिल्या २५ हजार नोकऱ्यांसाठी ५५ कोटी, नोकरीमागे २२ हजार. तेही नोकरी निर्माण होऊन काही वर्षं लोटल्यावर आणि सरासरी पगार वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर असेल तरच. याखेरीज व्हर्जिनियाने मोठा पैसा आपल्याच विद्यापीठांतल्या संगणकशिक्षणात घातला. ॲमेझॉन उद्या निघून गेली तरी ती विद्यापीठं जाग्यावरच राहणार.

न्यूयॉर्कमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि तीन महिन्यांत कंपनीने काढता पाय घेतला. व्हर्जिनियात मुख्यालयाचं काम सुरू झालं, पण २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा कंपनीने लांबणीवर टाकला. राज्याचं बिघडलं काय? फारसं काही नाही. तोवर निर्माण झालेल्या सुमारे ७ हजार नोकऱ्यांसाठी कंपनीने १५ कोटी डॉलरच्या थोड्या वर रक्कम मागितली. ७ हजार गुणिले २२ हजार, इतका साधा हिशेब. जेवढ्या नोकऱ्या तेवढे पैसे.

या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी एक अवघड प्रश्न उरतोच. सवलत दिली नसती तर कंपनी आली नसती का? अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१८ साली निष्कर्ष काढला, की सवलतीमुळेच निर्णय फिरला अशी प्रकरणं शंभरात २ ते २५ असतात. वरचा आकडा धरला तरी ७५ कंपन्या रस्ते, कुशल कामगार, बंदर, बाजारपेठ पाहून येणारच होत्या. त्यांना दिलेली सवलत ही न मागता मिळालेली बक्षिसी. मग नोकरीची खरी किंमत करारातल्या किमतीच्या निदान चौपट होते, कारण चारातली एकच नोकरी सवलतीने आणलेली असते.

तरी सरकारं सवलती देत राहतात, कारण शेजारचं सरकार देतं. १९८० च्या सुमारास जगभरातला कंपनी कराचा सरासरी दर ४० टक्क्यांच्या आसपास होता. आज तो २३ च्या आसपास आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १३६ देशांनी ठरवलं, की वर्षाला ७५ कोटी युरोंपेक्षा मोठी उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी किमान १५ टक्के कर भरलाच पाहिजे. एका देशाने माफ केलेला कर दुसऱ्या देशाला वसूल करता येईल, अशी त्याची रचना. आयर्लंडनेही बड्या कंपन्यांसाठी १५ टक्के मान्य केले. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतलं आणि भिंतीला मोठं भगदाड पडलं.

देशांमधली ही चढाओढ राज्याराज्यांतही चालते. महाराष्ट्र या खेळात नवखा नाही. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जावेत म्हणून १९६४ पासून इथे सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, हे तिचं सूत्र. सवलतीचा मुख्य आधार पूर्वी विक्रीकर असायचा. कंपनी तो भरायचीच नाही किंवा उशिरा भरायची. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्यांना आपल्या मर्जीने कर माफ करता येईना. आता कंपनी आधी कर भरते आणि राज्य त्यातला आपला हिस्सा अनुदान म्हणून परत देतं. सवलत तीच, पण तिला अर्थसंकल्पात तरतूद लागते, लेखाशीर्ष लागतं, मंजुरी लागते. सरे यांनी जे मागितलं होतं ते आपल्याकडे असं आडवाटेने आलं.

आणि तरीही मोठ्या आकड्याची भुरळ सुटत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! एक लाख नोकऱ्या गेल्या, असं सगळ्या बाजूंनी सांगितलं गेलं. महाराष्ट्राने देऊ केलेल्या सवलतींचा आकडा ३९ हजार कोटी असा वर्तमानपत्रांत छापून आला. भागाकार केला तर नोकरीमागे ३९ लाख. हा भागाकार त्या गदारोळात फारसा कुणी केला नाही. यातली फॉक्सकॉन तीच होती, जिच्या पडद्यांच्या कारखान्याची विस्कॉन्सिन वाट पाहत राहिलं. दहा महिन्यांतच, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉन या प्रकल्पातून बाहेर पडली. ज्यावरून दोन राज्यांत भांडण लागलं तो प्रकल्प ना इथे उभा राहिला, ना तिथे.

उद्योग आणण्यासाठी सवलत देणं हे पाप नाही. गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यात पहिला कारखाना येत असेल तर त्याला हातभार लावण्यात लोकांचंच हित आहे. प्रश्न इतकाच, की त्या हिताचं माप कायद्यात लिहिलं आहे का. घोषणेत येणारा लाख कोटींचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. सांगतात ते छोटे आकडे. पहिल्या वर्षी निदान किती माणसं, कोणत्या पगारावर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते न झाल्यास परतावा किती टक्क्यांनी कापायचा. अमेरिकेत सरकारी हिशेबाचे मानक ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ साली नियम केला, की ठरावीक उद्योगांशी करार करून सोडलेला कर राज्यांनी आणि शहरांनी आपल्या वार्षिक ताळेबंदात दाखवावा. आपल्याकडे अनुदान मिळणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या पात्रता प्रमाणपत्रासमोर कबूल केलेल्या आणि प्रत्यक्ष दिलेल्या नोकऱ्या असे दोनच रकाने दर वर्षी छापले, तर विधानसभेतल्या अर्ध्या चर्चेला आधार मिळेल. फावडं घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मजुरासाठी १५ दिवसांची मुदत या राज्याने स्वतःवर घालून घेतली आणि ती कायद्यात लिहिली. हजारो कोटी घेणाऱ्या कंपनीवर तशी मुदत घालणं त्याहून अवघड कसं असेल?